अंगठा लागला नाही तर?



आमचे लोणखेडा शहाद्याला लागूनच. लांबच्या गावाला जायचे म्हणजे शहाद्याचे स्टँड गाठायचे आणि एस.टी.त बसायचे, हा इथला शिरस्ता. ही एस.टी. वाटेत बंद पडल्याचा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? इंजिन तापते, टायर बसतो, कधी नुसतीच घुरघुर करून गाडी जागेवर उभी राहते. प्रवासी खाली उतरतात, दोन शब्द बोलून घेतात, बाया लेकरांना घेऊन निंबाच्या सावलीला बसतात. पण एक गोष्ट पाहा. मागून दुसरी गाडी आली की कंडक्टर हात करून ती थांबवतो आणि आपल्या प्रवाशांना तिच्यात बसवून देतो. पहिलेच तिकीट चालते. नवीन काढावे लागत नाही. गाडी महामंडळाची बिघडली, तर भुर्दंड प्रवाशाने भरायचा नाही, एवढी साधी माणुसकीची सोय त्या व्यवस्थेत आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तिला पाऊणशे वर्षे होऊन गेली. एस.टी.ला आपण कितीही नावे ठेवली तरी तिच्यावर भरवसा ठेवतो तो या सोयीमुळे.

आता रेशनच्या दुकानात चला.

तिथे पूर्वीच्या नोंदवहीच्या जागी हाताएवढे पॉस मशीन आले आहे. त्याच्या काचेवर बोट ठेवायचे, यंत्राने ओळखले तर पावती निघते आणि धान्य मिळते. आमच्या वस्तीतील एक आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत. जन्मभर कापूस वेचला, निंदणी केली, दुसऱ्याची भांडी घासली. त्या बोट ठेवतात, पुसतात, पुन्हा ठेवतात. डावा हात, मग उजवा हात. ‘मना आंगठाच नही लागस, भाऊ,’ असे म्हणून कनवटीला पिशवी खोचून घरी येतात. कधी दुकानदार सांगतो, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. उद्या म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली. यंत्र सरकारचे अडले आणि तिकीट मात्र आजींचे फाटले! मागून येणारी दुसरी गाडी इथे का नाही, एवढाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्या भागाला जरा जास्तच आहे. कारण आधार क्रमांकाची सुरुवात आपल्याच शहादा तालुक्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातील पहिले आधार क्रमांक तिथल्या गावकऱ्यांच्या हाती दिले गेले. पहिला क्रमांक एका कष्टकरी महिलेला मिळाला. तिचे नाव आणि फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. बारा आकडी क्रमांक, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आणि चेहऱ्याचा फोटो, असा हा संच. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्यालाही सरकारदरबारी ओळख मिळेल, असे आश्वासन होते. पुढे वार्ताहर त्या बाईंच्या दारी वर्षानुवर्षे जात राहिले आणि ‘आयुष्यात फार काही बदलले नाही, मजुरी चालूच आहे’ अशा आशयाची बातमी दर वेळी छापून येत राहिली. ज्या गावातून देशभराची ओळखपत्र योजना निघाली, त्या गावाला तरी यंत्राचा त्रास होऊ नये, एवढी साधी अपेक्षाही कुणी ठेवली नसावी.

अंगठ्याशी या भागाचे नाते मात्र २०१० च्या फार आधीचे आहे. शहादा-तळोद्याच्या आदिवासींच्या जमिनी सावकार आणि बड्या शेतकऱ्यांच्या घशात गेल्या, त्या बहुतेक अशाच अंगठ्यांनी. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते, शाई लावून अंगठा उमटवला की वावर गेले. त्याविरुद्ध अंबरसिंग महाराज उभे राहिले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, पुढे श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७४ च्या सुमारास, आणि त्यामागे अशा लढ्यांचा रेटा होता. तेव्हा अंगठा कुठे आणि कशासाठी घेतला जातो, याची धास्ती इथल्या जुन्या माणसांना असते, ती अडाणीपणाची नव्हे. अनुभवाची आहे.

बोटांच्या ठशांचा सरकारी वापर जन्मलाही आपल्याच देशात, हे अनेकांना ठाऊक नसेल. बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. १८५८ साली त्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे १८७७ साली पेन्शन घेणारा माणूस खरा की तोतया, हे पाहण्यासाठी त्याने ठशांची पद्धत लावली. कारण तेच, जे आज सांगितले जाते: बोगस लाभार्थी. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे सरकारी कार्यालय निघाले. त्याच काळात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवर हजेरीची आणि नोंदीची सक्ती होती आणि ठसे त्या कामीही आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. एकच शाई पेन्शनरलाही लागते आणि पोलिसाच्या वहीतही लागते, ही त्या तंत्राची गंमत म्हणा किंवा भीती म्हणा.

आता यंत्र करते काय, ते नीट समजून घेऊ. पुष्कळांना वाटते की दुकानदाराच्या मशीनमध्ये आपला ठसा साठून राहतो. तसे अभिप्रेत नाही. आपल्या बोटावरच्या रेषा जिथे संपतात, जिथे फुटतात, त्या खुणा मशीन टिपते, कुलूपबंद करून आधारच्या मध्यवर्ती भांडाराकडे पाठवते. तिथे त्या आपल्या नोंदलेल्या ठशाशी ताडल्या जातात आणि परत उत्तर येते: हो किंवा नाही. म्हणजे धान्य मिळण्यासाठी पाच गोष्टी एकाच वेळी नीट चालाव्या लागतात. बोट, काच, नेटवर्क, सर्व्हर आणि कधीकाळी भरलेली नोंद. सातपुड्याच्या आतल्या पाड्यांवर यातली तिसरी गोष्ट कधी असते, कधी नसते.

आणि बोट कुणाचे झिजते? लेखणी धरणाऱ्याचे नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांचे हात बघा. ऊस तोडणाऱ्याचे, विटा उचलणाऱ्याचे, सिमेंट कालवणाऱ्याचे बघा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडते, रेषा सपाट होतात. जे रेशनवर सर्वांत जास्त अवलंबून, त्यांच्याच बोटांना यंत्र सर्वांत कमी ओळखते. हा दोष कुणी मुद्दाम घातलेला नाही, पण कुणी आधी विचारही केला नाही, आणि न विचारण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे.

एका बाजूने बोलणे मात्र बरे नव्हे. शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या नावावर काही शिक्षणसंस्थांनी लाखोंची रक्कम लाटल्याची प्रकरणे गडचिरोलीपासून राज्यभर निघाली. खोटे विद्यार्थी, खोटी हजेरी. आता पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात जातात. उशिरा येतात हे खरे, पण मधल्या खिशात पूर्वीइतके अडकत नाहीत. म्हाताऱ्यांच्या निराधार पेन्शनीसाठी पोस्टमनच्या किंवा दलालाच्या मागे फिरणे कमी झाले. दुकानदार परस्पर धान्य उचलून ‘तुमचे नेले की’ म्हणायचा, त्याला थोडी खीळ बसली. हे फायदे आपल्याच घरांना झाले आहेत. म्हणून ‘आधार नको’ असे मी म्हणणार नाही. दुसरी गाडी द्या, एवढेच म्हणेन.

ती न दिल्यास काय होते, याचे दुःखद उदाहरण झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. घरचे रेशनकार्ड आधारशी जोडलेले नव्हते म्हणून रद्द झाले होते. भूक हे कारण सरकारने नाकारले, आईने तेच कारण सांगितले. त्यानंतर ऑक्टोबर आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या पातळीवरून लेखी सूचना निघाल्या, की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून कुणालाही लाभ नाकारू नये, बुबुळ किंवा मोबाइलवरील ओटीपी वापरावा, तेही न जमल्यास दुसरे ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करून धान्य द्यावे. म्हणजे दुसरी गाडी कागदावर आहे! पण तिची वेळ कुणी फलकावर लिहिली नाही. दुकानात जाऊन ‘अपवाद नोंदवही दाखवा’ असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे काय? निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ साली याचिका केली होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा टिकला. रेशनसारख्या लाभांसाठी आधार मागता येईल, पण बँक खाते आणि सिमकार्ड यांच्याशी जोडण्याची सक्ती रद्द झाली, आणि लहान मुलांचा लाभ आधारअभावी अडवू नये असेही न्यायालयाने म्हटले. वेगळे मत देणाऱ्या न्या. धनंजय चंद्रचूड यांनी हा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता.

इथे बाबासाहेबांची आठवण काढावीच लागते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात त्यांनी माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अवास्तव झडतीपासून संरक्षण द्यावे असे कलम सुचवले होते. ते राज्यघटनेत तसेच्या तसे आले नाही. सत्तर वर्षांनी न्यायालयाला तिथपर्यंत यावे लागले.

कागदपत्रांचे मोल आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद शोधत आजोबांच्या शाळेत खेटे घातलेली घरे वाचकांत शेकड्यांनी असतील. (वडिलांची जन्मतारीख १ जून का, हे तर विचारूच नका. गुरुजींनी शाळेत नाव घातले त्या दिवशी अर्ध्या गावाचा जन्म झाला!) आपली मोजदाद व्हावी यासाठी आपण भांडलो आहोत. १९३२ च्या लोथियन समितीपुढे काही प्रांतांनी ‘आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच’ असा पवित्रा घेतला, तेव्हा आकड्यावर हक्क अवलंबून असतात हे बाबासाहेबांना दिसत होते. धर्मांतरानंतर १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्ध सुमारे २८ लाख निघाले. १९५१ साली ते अडीच हजारांच्या आसपास होते. त्या आकड्यामागे घरोघरी जाऊन ‘धर्म बौद्ध लिहा’ सांगणारे कार्यकर्ते होते. नोंद म्हणजे शत्रू, असे आपण कधी मानलेच नाही.

पण नोंद कुठे जाते, हे विचारायला हवे. जनगणना कायदा १९४८ चा आहे. त्याच्या पंधराव्या कलमानुसार प्रगणकाने लिहिलेली आपली माहिती कुणालाही पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही सहसा चालत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे जाहीर केले आणि १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरला. मोबाइलवर होणारी ही पहिलीच जनगणना. पेटीतल्या कागदाला असलेले कुलूप मोबाइलमधल्या माहितीलाही असावे, यावर आपल्या कार्यकर्त्यांनी डोळा ठेवला पाहिजे. हॉलंडमध्ये लोकसंख्येची नोंदवही फार व्यवस्थित होती, तिच्यात प्रत्येकाचा धर्मही होता. १९४० साली जर्मन फौजा आल्या आणि ती नीटनेटकी वही ज्यूंना शोधण्यासाठी वापरली गेली. २७ मार्च १९४३ रोजी तिथल्या देशभक्तांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयालाच आग लावली, पण उशीर झाला होता. सुमारे पाऊण ज्यू समाज मारला गेला. वही लिहिणाऱ्या कारकुनाचा हेतू तसा नव्हता.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. खासगी कंपन्यांवर त्यात बंधने आहेत, सरकारसाठी मात्र सवलतींच्या मोठ्या खिडक्या ठेवल्या आहेत. शिवाय त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील एक कलम बदलले, त्यामुळे ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे सांगून अर्ज फेटाळणे अधिकाऱ्याला सोपे झाले. आपली माहिती त्यांना उघडी आणि त्यांची माहिती आपल्याला बंद, हा सौदा मला तरी पटत नाही.

चोरांनाही ही वाट सापडली आहे. २०१८ साली तेलंगणात एकाने जमीन नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील खरेदीखतांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी नमुने बनवले आणि त्यांवर सिमकार्डे चालू केली. पुढे अशाच नकली ठशांनी, आधारवर पैसे काढण्याच्या सोयीतून, खात्यांतले पैसे गेल्याच्या तक्रारी अनेक राज्यांत झाल्या. पासबुक चोरीला गेले तर नवीन मिळते. अंगठा कुठून आणायचा?

म्हणून घरातील गृहिणींसाठी चार गोष्टी. आपल्या बायोमेट्रिकला कुलूप लावता येते, आधारच्या मोबाइल ॲपवरून. ज्यांना रेशनसाठी अंगठा लागत नाही, अशा नोकरदार घरांनी ते जरूर लावावे. रेशनवर असलेल्यांना मात्र दर वेळी कुलूप काढायला फोन लागेल. म्हणजे संरक्षण हवे तर फोन हवा, हा आणखी एक भुर्दंड. झेरॉक्स देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत वापरावी. मे २०२२ मध्ये आधारच्या एका कार्यालयाने झेरॉक्स वाटू नका असा इशारा काढला आणि दोन दिवसांत तो मागे घेण्यात आला, पण सल्ला वाईट नव्हता. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते पेनने आडवे लिहावे.

अनुदान किंवा शिष्यवृत्ती आली नाही, तर आधार शेवटचे कोणत्या बँकेला जोडले ते आधी पाहावे. पैसे त्याच खात्यात पडतात, पासबुक कुठलेही दाखवा. खाते उघडून देणारी मुले दारोदार फिरतात, तेव्हा हा घोळ होतो. लाडक्या बहिणींच्या दीड हजारांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, तीत पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला. ज्या बहिणीला नवरा नाही आणि बापही नाही, तिने काय करायचे, हे नियम करणाऱ्यांना नंतर सुचले. आपल्या वस्तीत अशा किती जणी आहेत, त्यांची यादी महिला मंडळानेच करावी.

आणि रेशनचे. ठसा लागला नाही तर ‘उद्या या’ ऐकून परत फिरू नये. बुबुळाचे यंत्र आहे का विचारावे, ओटीपी मागावा, मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर आधार केंद्रावर जोडून घ्यावा. तरीही नाही म्हटले, तर कार्डाचा क्रमांक, दिवस, वेळ आणि दुकानदाराचे उत्तर शाळकरी मुलाकडून वहीत लिहून घ्यावे आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत त्याचा अर्ज देऊन पोच घ्यावी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे. आधारची तक्रार १९४७ या क्रमांकावर करता येते, स्वातंत्र्याचे साल म्हणून लक्षात राहायला सोपा.

आमच्या आजींचा अर्ज मागच्या आठवड्यात लिहून झाला. सहीच्या जागी त्यांनी शाईचा अंगठा लावला आहे. पोच घेऊन ठेवली आहे.